जितकी माणसं, तितके खडे

सोलापुरात थंडीवर कुणी विश्वास ठेवत नाही. ती आली म्हणतात, दोन-चार दिवस पहाटे अंगावर काटा येतो, आणि दुपारी बाराला ऊन असं तापतं की सकाळचा स्वेटर कमरेला बांधून फिरणारा माणूस वेडा दिसतो. स्वेटर ट्रंकेतून काढावा की नाही, यावर आमचं दरवर्षी फोनवर बोलणं होतं. आई म्हणते, फसवी असते ही, काढू नको. मी काढतो. डांबरगोळीचा वास नाकात गेला की मला भुयार आठवतं, आणि मग मी दोन-तीन दिवस कुणाशी धड बोलत नाही.

यंदा तो वास यायच्या आधीच भुयार आठवलं. मी एका ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. मागच्या महिन्यात प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत होतो, तर एका मुलीची तिन्ही रीडिंग्ज सारखी. ब्युरेटमधलं द्रावण असं शहाण्यासारखं कधीच वागत नाही. तिला बोलावून विचारलं. म्हणाली, "सर, उत्तर बरोबर आहे की." मी म्हणालो, "उत्तर नाही विचारलं. जे दिसलं ते लिहिलंस का?" ती खाली बघत राहिली. मी आणखी चार वाक्यं बोललो, वर्गाला ऐकू जातील अशी. बोलता बोलता माझाच आवाज मला खोटा वाटायला लागला. वही परत दिली आणि पुढची उघडली.

त्याच संध्याकाळी फोनवर गटाचा निरोप आला. यंदा पुन्हा भुयार, जुन्या लोकांनी जरूर यावं.

गट म्हणजे आमचा भटक्या पोरापोरींचा. रविवारी टेकड्या, उन्हाळ्यात किल्ले आणि थंडीत एखादी गुहा. चालवायचा विनूदादा. तो एका शाळेत पीटी शिकवायचा आणि सगळ्यांशी शिट्टी तोंडात असल्यासारखं बोलायचा. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना त्यात शिरलो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. मैंदर्गीत आमच्या घरी आजही माझी पदवी देवांच्या फोटोंच्या रांगेत टांगलेली आहे, आणि सणाला तिलाही हळद-कुंकू लागतं. मला याची लाज नाही. उलट पाहुणा आला की मी मुद्दाम त्या भिंतीकडं तोंड करून बसतो.

पण पहिला असण्याची एक गंमत असते. कुठंही गेलं तरी वाटतं, आपल्याला कुणीतरी चुकून आत सोडलंय आणि आता दारावरच्या माणसाच्या ते लक्षात येणार. पहिल्या वर्षाला लॅबमधली वजनांची पेटी हरवली तेव्हा पहिल्यांदा पिशवी उघडायला लावली ती माझी. पेटी कपाटामागं सापडली. कुणी काही बोललं नाही आणि मीही नाही. पण त्या दिवसापासून दोन माणसं हळू आवाजात बोलताना दिसली की माझा हात आपोआप पिशवीच्या चेनवर जातो.

पहिल्यांदा भुयारात जाणार हे आईला फोनवर सांगितलं, तर ती आधी कानडीत "याकप्पा?" म्हणाली, म्हणजे का रे बाबा, मग मराठीत, "वर जागा कमी पडली व्हय?"

आठ वर्षं झाली त्याला. आम्ही अकरा जण पहाटेच्या एसटीनं बार्शीला, तिथून दुसऱ्या गाडीनं बालाघाटाच्या रांगेतल्या एका गावाला उतरलो. खिडकीच्या फटीतून वारं असं येत होतं की कान आपले आहेत की शेजाऱ्याचे ते कळत नव्हतं. शेतात ज्वारी निसवलेली, हरभऱ्यावर दव. गावापासून तासभर चढ होता. सीताफळीची झाडं पानं गाळून नुसत्या काटक्यांवर उभी होती आणि त्यांच्यामधून पायवाट काळ्या कातळाला जाऊन थटत होती. कातळाच्या पायथ्याला माणूस वाकून शिरेल एवढं तोंड. त्या तोंडातून ऊबदार हवा बाहेर येत होती, झोपलेल्या म्हशीच्या श्वासासारखी. ती पहिल्यांदा गालाला लागली आणि मी मागं सरलो. गोठवणाऱ्या थंडीत डोंगर गरम श्वास टाकतो, याचं कारण मला शास्त्रानं माहीत होतं. तरी सरलो.

तोंडापाशी गोदाक्का बसलेली. साठीची बाई, डोक्यावरून घोंगडं, हातात काठी, आणि उतारावर दहा-बारा शेळ्या. विनूदादाची आणि तिची जुनी ओळख.

"किती हाईत?" तिनं विचारलं.

"अकरा."

"मग अकरा खडं ठेवा. जितकी माणसं, तितकं खडं. भाईर आल्यावर ज्याचा त्यानं उचलायचा. दुसऱ्याच्याला हात लावायचा न्हाय."

तिथं एक सपाट शिळा होती, शेंदूर लावलेली. गावातलं कुणी भुयारातल्या महादेवाला गेलं तर आधी तिच्यावर खडा ठेवणार. विनूदादाला ही रीत फार आवडायची. तो म्हणायचा, हजेरी घ्यायला यापेक्षा सोपं काही नाही, रिकामी शिळा म्हणजे रिकामं भुयार. मला मात्र म्हातारीचा संशय आला. आता खडा, मग नारळ, मग दक्षिणा, मला हे सगळं गावाकडं बघून ठाऊक होतं. एवढं शिकून शेंदरापुढं वाकायचं हे मला जमेना. सगळे वाकले तसा मीही वाकलो, एक काळा खडा बोटांत धरून शिळेला टेकवल्यासारखं केलं आणि मुठीतच ठेवला. खिशात टाकला. वर बघितलं तर गोदाक्का शेळीकडं बघत होती. निदान मला तसं वाटलं.

माझ्या मागं पल्लवी होती. तिनं पांढरी गारगोटी ठेवली, चांगली शोधून आणलेली, कबुतराच्या अंड्याएवढी.

पल्लवीबद्दल सांगायला हवं. ती शहरातली, डॉक्टरांची मुलगी, घोट्यापर्यंतचे बूट, स्वतःची डोक्याची टॉर्च. माझे बूट कॅनव्हासचे, टॉर्च गटाची. ती माझ्याशी नीट बोलायची, आणि नीट बोलते म्हणूनच मला तिचा संशय यायचा. त्यात त्या सकाळी बार्शीच्या स्टँडवर सामान तपासताना जादाची टॉर्च सापडली नव्हती. विनूदादा सगळ्यांसमोर म्हणाला, "बघा रे, कुणाच्या बॅगेत गेलीय का चुकून." सगळ्यांनी बॅगा चाचपल्या. मला वाटलं, सगळ्यांनी मी चाचपतो का ते बघितलं. आणि वर भुयाराशी आल्यावर विनूदादानं रांग लावली तेव्हा पल्लवीला शेवटी ठेवलं, माझ्या बरोबर मागं. शेवटचा माणूस पक्का लागतो, असं तो म्हणाला. मी मनात म्हणालो, समजलं, माझ्यावर नजर ठेवायला.

आतला अंधार मला आजही नीट सांगता येत नाही. लाइट गेल्यावर घरात होतो तो अंधार नव्हे, त्यात भिंती ओळखीच्या असतात. हा तोंडाजवळ येऊन बसतो. वटवाघळांच्या लेंड्यांचा उग्र, अमोनियासारखा वास. गुडघ्याखाली भुगा झालेली माती, इतकी मऊ की पाय ठेवलेला कळत नाही. कुठंतरी पाण्याचा थेंब पडायचा आणि पुढचा पडेपर्यंत आपण उगाच वाट बघायचो. दोन ठिकाणी पोटावर सरपटावं लागलं. पुढच्या माणसाच्या बुटांचे तळवे दिसायचे, बाकी जगात काही उरलेलं नसायचं.

विनूदादाचा नियम होता. दर दहा पावलांना पुढच्यानं मागच्याला विचारायचं, "हाय का?" मागच्यानं सांगायचं, "हाय." तो सांगोल्याकडचा, त्याच्या तोंडी तेच बसलेलं, आणि शहरातली पोरंही तिथं गेली की हाय का, हाय करायची. जाताना मी विचारत होतो. पल्लवी सांगत होती. तिच्या तोंडी तो शब्द नवीन चपलेसारखा वाजायचा आणि मला हसू यायचं. म्हणजे हसूही येत होतं. सगळा वेळ काही मी कुढत नव्हतो.

शेवटी एक मोठी खोली लागते. तिथं पिंड आहे, कधीचं तरी वाळलेलं बेलपान आहे, आणि एक भोक आहे, जे म्हणे थेट किल्ल्यात निघतं. आमच्याकडचं कुठलंही भोक किल्ल्यातच निघतं. तिथं सगळे टेकलो. विनूदादानं सगळ्या टॉर्च बंद करायला लावल्या आणि दोन मिनिटं कुणी बोललं नाही. त्या अंधारात पल्लवी माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "तुझ्या बॅगेत सेल आहेत का रे?"

मला त्या प्रश्नात बॅग एवढंच ऐकू आलं.

"तपासायचीय का?" मी म्हणालो.

टॉर्च लागल्या तेव्हा पल्लवीची सगळ्यांत पिवळी होती. ते मी बघितलं. माझ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात चार नवे सेल होते, निघायच्या आधी टिळक चौकातून घेतलेले. बॅग माझ्या पाठीवर होती. चेन उघडायला किती वेळ लागतो?

परत फिरलो तेव्हा रांग तीच, विनूदादा पुढं, मी शेवटून दुसरा. मी एकदाही हाय का म्हणालो नाही. मुद्दाम. पाय उचलत राहिलो. दुसऱ्या सरपटीच्या अलीकडं मागून काहीतरी ऐकू आलं. काय ते मला आजही नक्की सांगता येत नाही. थांब असेल, माझं नाव असेल. पण काहीतरी ऐकलं आणि मी गुडघे आणखी जोरात टाकले.

बाहेरचं ऊन डोळ्यांत खुपलं. शिळेवर एकच खडा उरलेला, पांढरा. बाजूला गटातला सुहास आणि आणखी एक जण गुडघ्याच्या पट्ट्या सोडत बसले होते. दोघांनी माझ्याकडं बघितलं. आता मी खडा उचलला नाही तर विचारतील, तुझा कुठाय? मग सांगा, ठेवलाच नव्हता म्हणून. सगळ्यांत शिकल्यासारखा वागणारा मी, आणि एवढी साधी गोष्ट केली नाही. मी वाकलो आणि पांढरा खडा उचलला. मनात हिशोब असा की पल्लवी येतेच आहे मागं, तिला खडा नाही सापडला तर नाही सापडला, खड्याचं काय एवढं.

खालून विनूदादाची हाक आली, "खडे?"

सुहासनं शिळेकडं बघून सांगितलं, "संपले."

"मग या खाली. चहा उकळतोय."

झाडाखाली कडक भाकरी फोडल्या, शेंगाचटणी, कांदा. बोटं गारठलेली, त्यामुळं तिखट आधी बोटांना लागत होतं आणि मग जिभेला. मुली खडकाआड कपडे झटकायला गेलेल्या, त्यामुळं कोण आहे कोण नाही हे दिसायला काही मार्ग नव्हता. मी कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हतो. दोन कप चहा झाला. आणि गोदाक्का काठी टेकत उतारावरून खाली आली.

"येक पोरगी आत हाय," ती म्हणाली.

विनूदादा उठला. "आक्का, शिळा रिकामी आहे ना?"

"शिळा रिकामी हाय. पोरगी न्हाय आली."

आणि मी बोललो. कुणी विचारलं नव्हतं. "आजी, मोजून झालंय," मी म्हणालो, जरा हसूनच. आता मी वर्गात बोलतो ना, त्याच सुरात.

तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, विनूदादाच्या हातातली टॉर्च घेतली आणि त्या वयात चढावरून पळाली. विनूदादा तिच्यामागं. माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो मी धरून बसलो. खिशातले दोन खडे मांडीला टोचत होते, एक काळा, एक पांढरा.

पल्लवी बाहेर आली तेव्हा केसांपासून बुटांपर्यंत राखेच्या रंगाची झाली होती. टॉर्च गेल्यावर ती शिकवल्याप्रमाणं जागची हलली नव्हती, भिंतीला पाठ लावून बसून राहिली होती. अर्धा-पाऊण तास. रडली नाही. सगळे तिच्याभोवती जमले, आणि तिनं पहिल्यांदा शिळेकडं बघितलं.

"माझा खडा कुठंय?"

सुहासनं वाकून शिळेच्या मागंपुढं बघितलं.

"मी ठेवला होता. पांढरा होता."

"बकऱ्यांनी हलवला असेल," सुहास म्हणाला.

"माजी बकरी खडं खात न्हाय," गोदाक्का म्हणाली.

विनूदादानं पल्लवीच्या खांद्यावर हात ठेवला. "होतं असं गडबडीत. ठेवायचा राहून गेला असेल. जाऊ दे, सुखरूप आलीस." त्यानं ते इतक्या मायेनं म्हटलं की त्यापुढं तिला काही बोलता येईना. ती पुन्हा एकदा म्हणाली, "मी ठेवला होता, दादा." मग गप्प झाली. परतीच्या गाडीत सगळे तिच्याशी नेहमीपेक्षा गोड बोलत होते. मला चांगलं माहीत होतं, असं गोड बोलणं म्हणजे काय असतं ते.

हरवलेली टॉर्च विनूदादाच्याच दोराच्या पोत्यात निघाली. कुणी कुणावर संशय घेतलाच नव्हता बहुतेक. बहुतेक म्हणतो, कारण ही सवय अजून माझी सुटलेली नाही.

मी घाबरून गप्प बसलो असतो तर एक वेळ चाललं असतं. पण पुढच्या महिन्यात गटाच्या अंकासाठी वृत्तांत लिहायचा होता आणि विनूदादा म्हणाला, "तुझं मराठी चांगलं आहे, तू लिही." मी लिहिला. थंडीचं वर्णन चांगलं उतरलं होतं. शेवटी मी लिहिलं की एका सदस्याकडून खडा ठेवायचा राहून गेल्यानं अडचण ओढवली, आणि यापुढं गावातल्या समजुतींवर न विसंबता गटानं क्रमांकाचे बिल्ले वापरावेत. छापून आल्यावर अंक मी मैंदर्गीला नेला. आईनं शेजारच्या मास्तरांकडून तो मोठ्यानं वाचून घेतला. ती प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती, त्या वाक्यालाही. पल्लवी त्यानंतर गटात आली नाही. पुण्याला गेली म्हणाले.

दोन्ही खडे इतकी वर्षं माझ्याकडंच होते. कंपासपेटीत, लॅबच्या ड्रॉवरमध्ये. खडू शोधताना हाताला लागायचे.

वहीवाल्या मुलीला बोललो त्या रात्री मी पल्लवीचा नंबर मिळवला आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत फोन लावला. आधी इकडचं तिकडचं बोललो, सोलापुरात थंडी कशी आहे वगैरे. मग सांगितलं. सेलपासून खड्यापर्यंत सगळं, वृत्तांतासकट. पलीकडं नुसता रस्त्याचा आवाज येत होता.

"पांढरा होता ना?" ती म्हणाली.

"हो. माझ्या हातात आहे आत्ता."

"मी घरातून निघताना तीन-तीनदा कुलूप ओढून बघते," ती म्हणाली. "गॅस बंद केला का, बघायला जिन्यावरून परत जाते. नवरा हसतो. मी त्याला सांगितलंय, मी विसरते, माझा माझ्यावर भरवसा नाही." जरा थांबून म्हणाली, "आणि मी विसरले नव्हते."

मी माफ कर म्हणालो. "तो खडा ठेवू नकोस जवळ," म्हणाली, "जिथला आहे तिथं टाकून ये." आणि फोन ठेवला.

गटाबरोबर गेलो नाही. त्याआधीच्या रविवारी एकटा गेलो. बार्शी तीच, वारं तेच, कान पुन्हा कुणाचे ते कळेना. सीताफळीच्या काटक्या, काळा कातळ, गालाला लागणारा गरम श्वास. गोदाक्का बसलेली होती. शेळ्या कमी झालेल्या आणि काठी बदललेली. मला तिनं ओळखलं नाही, किंवा ओळखलं आणि दाखवलं नाही. तिच्या तोंडावरून मला आजवर काही कळलेलं नाही.

मी शिळेपुढं वाकलो आणि दोन्ही खडे ठेवले. खरोखर ठेवले, बोटं उघडून.

"दोगं हाईत?" तिनं विचारलं.

"एकटाच आहे."

"मग दुसरा कुणाचा?"

मी सांगितलं. आठ वर्षांपूर्वीची ती मुलगी, तिचा खडा मी उचलला होता, माझा ठेवलाच नव्हता. तिनं मध्येच हात वर केला.

"ठेवला न्हवतास ते म्या तवाच बघितलंय." मग शिळेकडं बोट करून म्हणाली, "पन ती पोरगी आली की भाईर. म्याच आनली की. मग तिचा खडा हितं कशाला? आत कोन न्हाय आन् भाईर खडा, म्या कुनाची वाट बगत बसू सांजपतोर?"

तेवढ्यात खाली एक शेळी कुणाच्यातरी हरभऱ्याच्या बांधाकडं वळली. गोदाक्कानं शिळेवरची पांढरी गारगोटी उचलली, नेम धरला आणि भिरकावली. गारगोटी शेळीच्या पुढ्यात पडून उडाली आणि उतारावरच्या हजार खड्यांत गेली. शेळी मुकाट्यानं फिरली. मी जरा वेळ तिकडं बघत राहिलो, पण कुठली ती सांगता येईना.

शिळेवर माझा काळा खडा राहिला.

मी टॉर्च काढली, लावून बघितली, पुन्हा एकदा लावून बघितली. "आक्का, तुम्ही आहात ना इथं?" मी विचारलं.

तिनं घोंगडं गुडघ्यांवर ओढून घेतलं.

"हाय," ती म्हणाली. "जा तू."